इंजिन नाही, घोडा नाही, मग गाडी ओढतं कोण?

एक खेळ खेळायचा? गुप्तहेराचा! चल तर मग.

समज, आपण अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरात फिरायला गेलोय. बॉस्टन म्हण, वॉशिंग्टन म्हण. समोरून एक मजेदार गाडी येते. जुन्या सिनेमातल्या ट्रामसारखी! लाकडी बाकं, कमानीच्या खिडक्या, वर पितळी घंटा. चालवणारे काकाच माइकवर शहराच्या गोष्टी सांगतायत. हवं तिथे उतरायचं, बघायचं ते बघायचं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत पुन्हा चढायचं. या सफरीला तिकडे ‘ट्रॉली टूर’ म्हणतात.

आता गुप्तहेरा, खाली बघ. चाकांकडे! काय दिसतं? रबरी टायर! आणि रूळ? रूळ कुठेच नाहीत!

म्हणजे ही ट्राम नव्हेच. ही आहे ट्रामचं सोंग घेतलेली बस! गॅदरिंगमध्ये कापसाची दाढी चिकटवून आजोबा झालेला वर्गमित्र असतो ना, अगदी तश्शी. पोटात इंजिन, टाकीत इंधन, फक्त कपडे ट्रामचे.

पहिलं कोडं फारच सोपं होतं. आता जरा अवघड शहरात जाऊ. कॅलिफोर्नियातलं सॅन फ्रान्सिस्को! तिथे सोंगाड्या गाड्या तर आहेतच, पण खऱ्या रुळांवरून धावणाऱ्याही आहेत. त्याही दोन जातींच्या.

एक रुळावरची गाडी आली. आता वर बघ. रस्त्यावर एक तार ताणलेली आहे आणि गाडीच्या टपावरून एक लांब दांडा त्या तारेला टेकलाय. तारेतून वीज येते, गाडी पळते. झालं! ही विजेवरची ट्राम.

मागून दुसरी येते. लहानशी, जुनाट, लाकडी. अर्धी उघडी, अर्धी बंद. घंटा नुसती ठणठणतेय! हिचे टायर बघ. टायर नाहीत, लोखंडी चाकं आहेत. वर बघ. तार नाही! आत डोकाव. इंजिन नाही! मोटार नाही. पुढे घोडा? छे!

आणि समोर केवढा चढ! या गाडीच्या वाटेवर एक रस्ता इतका उभा आहे, की शंभर मीटर पुढे जाईपर्यंत तू सुमारे २१ मीटर वर गेलेला असतोस. सात मजले झाले की! रिकामी गाडीच साधारण ७ टनांची, त्यात माणसं खच्चून भरलेली. तरी ती आपली निवांत चढतेय. धाप नाही, धूर नाही.

कोण ओढतं हिला? सांग बघू!

आता नीट खाली बघ. दोन रुळांच्या अगदी मधोमध रस्त्यात एक अरुंद फट आहे. लांबच लांब. रूळ जातील तिथे फट जाते. या फटीजवळ गाडी नसतानाही एक आवाज येत असतो. घर्रर्रर्र... सतत! अख्खा रस्ता रिकामा असला तरी जमिनीखाली काहीतरी पळतंय.

पळतोय तो एक पोलादी दोर!

हो, दोर! रस्त्याच्या पोटात बोगद्यासारखी एक चिंचोळी नाली आहे. तिच्यातून हा दोर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने धावत असतो. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत. न थांबता! दुसऱ्या टोकाला वळसा घालून तो परत येतो आणि पुन्हा निघतो. म्हणजे तो भलंमोठं कडंच आहे. म्हणूनच या गाडीचं नाव ‘केबल कार’.

आपल्याकडे वणीला सप्तशृंगी गडावर जाणारी ट्रॉली तू पाहिली असशील. तीही रुळांवरून चालते, तिलाही दोरच ओढतो. पण एक मोठा फरक आहे. तिथे ट्रॉली दोराला कायमची बांधलेली असते. ट्रॉली थांबवायची तर दोर थांबवावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोत तसं कसं चालेल? एकाच दोरावर कितीतरी गाड्या! एकीत आजी चढताहेत म्हणून बाकीच्या सगळ्यांनी थांबायचं?

मग काय करतात? गाडी दोराला बांधतच नाहीत! ती दोर पकडते आणि सोडते.

समज, मैदानावर एक लांब दोरी सरसर पुढे पळतेय आणि तुझ्या पायात चाकांचे बूट आहेत. दोरी घट्ट धरलीस, की निघालास! हात सोडलास, की हळूहळू थांबलास. दोरी मात्र पळतच आहे. तुझ्या पुढच्यानं धरली काय, मागच्यानं सोडली काय, दोरीला पत्ताही नाही! केबल कारची सगळी युक्ती एवढीच.

गाडीचा हात म्हणजे एक दणकट पकड. ती त्या फटीतून खाली गेलेली असते. स्वयंपाकघरात गरम पातेलं उचलायची सांडशी असते ना, तिचाच हा राक्षसी भाऊ समज. गाडीच्या मध्यभागी उंच तरफ असते आणि तरफेशी उभा असतो ग्रिपमन. त्यानं तरफ मागे खेचली, की खाली सांडशीचे जबडे दोरावर मिटतात. एकदम नाही हं! आधी थोडेसे. दोर जबड्यातून घासत पळतो आणि गाडी हलकेच हलते. मग आणखी थोडे. मग घट्ट! आता गाडी दोराच्याच वेगाने चालली. एकदम आवळलं तर? उभी असलेली सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर!

हे काम सोपं नाही. अंगात ताकद हवी आणि हाताला अंदाज हवा. शिकायला येणाऱ्यांतले बरेच जण नापास होतात. शंभरहून जास्त वर्षं हे काम पुरुषच करत होते. मग १९९८ मध्ये फॅनी मे बार्न्स नावाच्या बाई परीक्षा पास होऊन तरफेशी उभ्या राहिल्या. त्या पहिल्या स्त्री ग्रिपमन. वय किती असेल त्यांचं? ५२!

आता खरी गंमत ऐक. मला तर हीच सगळ्यात आवडते.

चढावर दोर गाडीला ओढतो, हे कळलं. पण उतारावर? उतारावर गाडी आपोआपच घसरेल. मग दोर सोडून द्यायचा का?

मुळीच नाही! उतारावरही ग्रिपमन दोर घट्ट धरून ठेवतो. गाडीला धावायचंय जोरात, दोर म्हणतो, “माझ्याच वेगाने चल!” म्हणजे ओढणारा दोरच आता आवरणारा झाला. आणि ती जड गाडी उतरताना दोराला पुढे ढकलत असते. तोच दोर त्याच वेळी दुसरीकडे एका गाडीला चढावर ओढत असतो. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला मदत करते! एक या गल्लीत, दुसरी त्या टेकडीवर, दोघींनी एकमेकींना पाहिलेलंही नाही. तरी एकीचं वजन दुसरीच्या कामी येतं. मोटारीवरचा भार तेवढाच कमी!

एका चौकात मात्र दोरांचीच पंचाईत होते. पॉवेल आणि कॅलिफोर्निया हे दोन रस्ते टेकडीवर एकमेकांना छेदतात. दोन्ही रस्त्यांखाली आपापला दोर. दोन दोर एकमेकांना आडवे! पॉवेलच्या गाडीनं आपला दोर धरूनच ठेवला तर तिची पकड दुसऱ्या दोरात अडकणार. मग? चौकाआधी ग्रिपमन दोर सोडून देतो. गाडी नुसत्या वेगावर चौक पार करते आणि पलीकडे दोर पुन्हा पकडते. शिवाय टेकडीच्या त्या टोकावर खालून येणाऱ्या दोन्ही गाड्यांना एकमेकी दिसत नाहीत. म्हणून तिथे एक छोटी सिग्नलची खोली आहे. आतला माणूस ठरवतो, आधी कोण आणि मग कोण.

तू म्हणशील, दोर सोडल्यावर गाडी घसरली तर?

म्हणून ब्रेक तीन प्रकारचे! एक चाकांना लागतो. दुसरा चक्क लाकडाचा! लाकडाचे जाड ठोकळे रुळांवर दाबले जातात. लोखंडावर लाकूड इतकं घासतं, की उतारावर जळक्या लाकडाचा वास येतो. ठोकळे काही दिवसांतच झिजतात आणि नवे बसवावे लागतात. इतक्या पुढारलेल्या शहरात गाडी थांबवायला लाकूड! आणि ते शंभराहून जास्त वर्षं चाललंय बरं का.

तिसरा ब्रेक अगदी अडीनडीचा. तो ओढला, की पोलादाची एक पाचर रस्त्यातल्या त्या फटीत जाऊन बसते. घट्ट! इतकी घट्ट, की पुष्कळदा ती बाहेरच निघत नाही. मग कामगार येतात आणि ज्योतीच्या आचेनं पाचर कापून काढतात. गाडी थांबली म्हणजे थांबली!

हा दोर आहे तरी केवढा? जाडी तीन सेंटिमीटरहून थोडीशी जास्त. बस्स, एवढाच! पोलादी तारांचे पीळ एकमेकांभोवती वळून तो बनवतात. आणि त्याच्या अगदी पोटात काय असतं, ओळख. लोखंड? नाही. रबर? नाही. घायपात! शेताच्या बांधावर लावतात, टोकदार पानांचं, ते घायपात. त्याच्या वाखाची दोरी दोराच्या गाभ्यात असते. ती मऊ असते, म्हणून पोलादी पीळ एकमेकांवर नीट बसतात आणि दोर सहज वाकतो.

असे चार दोर शहराखाली फिरतात. सगळ्यात लांब आहे कॅलिफोर्निया रस्त्याचा, सहा किलोमीटरहून जास्त! पण जबड्यांत घासून घासून दोरही झिजतात. काही तर अडीच-तीन महिन्यांतच निवृत्त होतात. मग रात्री गाड्या बंद झाल्या, की जुना दोर काढून नवा घालायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांत अशी विणायची, की सांधा जाडजूड होता कामा नये. नाहीतर तो पकडीत अडकेल ना!

आणि हे चारही दोर फिरवतं कोण? सगळे दोर एकाच इमारतीत येतात. वॉशिंग्टन आणि मेसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती इमारत आहे. आत राक्षसी चाकं गरागरा फिरत असतात आणि ती फिरवतात विजेच्या मोटारी. पूर्वी वाफेची इंजिनं होती. म्हणजे गाडीला इंजिन नाही असं नाही. ते घरी ठेवलंय, एवढंच! याच इमारतीत संग्रहालय आहे. माणसं वरच्या सज्जात उभी राहून खाली फिरणारी चाकं बघतात. आणि तिकीट? फुकट!

आता हे सगळं सुचलं कोणाला?

अँड्र्यू हॅलिडी. जन्म इंग्लंडमधला. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर कॅलिफोर्नियात आला. तिकडे तेव्हा सोन्यासाठी झुंबड उडाली होती. पण पोराचं नशीब सोन्यात नव्हतं, तारेत होतं! पुढे त्यानं तारांचे दोर बनवायचा कारखाना काढला. खाणीतला दगड वाहायला असे दोर लागत.

त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोत गाड्या ओढायचे घोडे. आणि शहर कसलं? टेकड्यांचं! पावसानं दगडी रस्ता ओला झाला, की घोड्यांचे पाय सरकायचे. असं सांगतात, की एकदा भरलेली गाडी चढावरून मागे घसरली आणि तिच्याबरोबर घोडेही फरफटत खाली आले. ते पाहून हॅलिडी कळवळला. खाणीत दोर दगड ओढतो, मग रस्त्यावर माणसं का ओढणार नाही?

२ ऑगस्ट १८७३. क्ले नावाच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात पहिली गाडी उभी राहिली. यावर आणखी एक गोष्ट सांगतात. गाडी चालवायला ठरवलेल्या माणसानं टेकडीवरून खाली पाहिलं, खाली सगळं धुकं! तो म्हणाला, “मला नाही जमायचं.” मग हॅलिडी स्वतःच तरफेशी उभा राहिला आणि गाडी खाली नेऊन परत वर आणली! त्या वेळची एक गाडी संग्रहालयात अजून आहे. केवढीशी आहे ती!

त्याच सुमाराला आपल्या मुंबईत काय चाललं होतं? तर पुढच्याच वर्षी, ९ मे १८७४ ला, मुंबईत ट्राम सुरू झाली. घोड्यांची! एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला आणि दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. सॅन फ्रान्सिस्को घोड्यांची सुटका करत होतं आणि मुंबई घोडे जुंपत होती! पण मुंबईचं तसं चुकलं नाही हं. काळबादेवीला कुठे टेकडी आहे? सपाट रस्त्यावर घोडे मजेत पळायचे. मग घोडे गेले आणि १९०७ मध्ये विजेच्या ट्राम आल्या.

तिकडे केबल कारवर मात्र संकटं आली. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली. कितीतरी गाड्या जळून गेल्या. नव्यानं शहर उभं करताना बहुतेक रस्त्यांवर विजेच्या ट्राम घातल्या. दोराची गाडी उरली ती फार उभ्या रस्त्यांवर.

मग १९४७ साली महापौर म्हणाले, या जुनाट गाड्या हव्यात कशाला? पॉवेल रस्त्यावर आता बस चालवू या.

“चालणार नाही!” म्हणाल्या फ्रीडेल क्लुसमन नावाच्या एक बाई. त्यांनी शहरातल्या बायकांना गोळा केलं, समिती काढली, सह्या जमवल्या. शेवटी प्रश्न मतदानाला टाकावा लागला. गाडी ठेवायची की काढायची, सांगा लोकहो! निकाल काय लागला असेल? ‘ठेवा’ म्हणणारे ‘काढा’ म्हणणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघाले! महापौर गप्प, गाडी चालू.

आता दोन घटना शेजारी शेजारी ठेव. ३१ मार्च १९६४. मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि बंद झाली. आणि त्याच १९६४ मध्ये अमेरिकेनं केबल कारला राष्ट्रीय स्मारक ठरवलं! स्मारक म्हटलं, की पुतळा, किल्ला, वाडा, सगळं एका जागी उभं असलेलं. हे स्मारक घंटा वाजवत टेकड्या चढतं! मुंबईची एखादी तरी ट्राम चालू ठेवायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

बरं, केबल कारला वळवतात कसं माहितीये? पॉवेल आणि मार्केट हे रस्ते मिळतात तिथे शेवटचा थांबा आहे. पॉवेलची गाडी फक्त पुढेच जाऊ शकते. म्हणून ती एका मोठ्या गोल लाकडी पाटावर येऊन थांबते. आणि मग? कंडक्टर आणि ग्रिपमन दोघं गाडीला खांदा लावतात आणि ढकलतात! पाट गोल फिरतो आणि गाडीचं तोंड उलटीकडे होतं. बटण नाही, मोटार नाही. बघायला केवढी गर्दी जमते!

आणि घंटा! ग्रिपमन ती नुसती ठण् ठण् करत नाही, ताल धरतो. तिथे घंटा वाजवण्याची चक्क स्पर्धा होते. भर चौकात, माणसांच्या गर्दीत. ढोलपथकातल्या ताईदादांना हे नक्की सांग.

अरे हो, त्या तारेवाल्या ट्रामचं राहिलंच की! तिची गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

१९८२ मध्ये केबल कारचे रूळ, नाल्या, चाकं, सगळं इतकं जुनं झालं होतं, की पूर्ण दुरुस्तीसाठी गाड्या बंद कराव्या लागल्या. जवळजवळ दोन वर्षं! आता आलेल्या पाहुण्यांना दाखवायचं काय? तेव्हा कोणीतरी म्हणालं, जुन्या ट्राम बाहेर काढू या. उन्हाळ्यात मार्केट रस्त्यावर जत्राच भरवली, जुन्या ट्रामची जत्रा! लोकांना ती एवढी आवडली, की केबल कार परत सुरू झाल्या तरी जत्रा भरतच राहिली. शेवटी १९९५ मध्ये तिचा कायमचा मार्ग झाला.

या मार्गावर कुठल्या कुठल्या ट्राम धावतात! इटलीतल्या मिलान शहराच्या १९२८ सालच्या ट्राम आहेत. काही गाड्यांना अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांच्या जुन्या ट्रामचे रंग दिलेत. आणि एक तर इंग्लंडहून आणलेली, १९३४ सालची बोट आहे. हो, बोट! समुद्रकाठच्या ब्लॅकपूल गावात सहलीसाठी बनवलेली ट्राम, आकार बोटीचा आणि वर छप्परच नाही. ती रोज निघत नाही, छान ऊन पडलं की निघते. मला विचारशील तर केबल कारनंतर माझा दुसरा नंबर हिचाच!

तुझी मावशी किंवा काका तिकडे राहतात का? कॅलिफोर्नियात मराठी माणसं पुष्कळ आहेत. मग एक काम कर. व्हिडिओ कॉल लाव आणि त्यांना पॉवेल रस्त्यावर जायला सांग. फुटपाथवरच उभं राहायचं, गाडी निघून जाऊ द्यायची आणि फोन त्या फटीच्या दिशेनं धरायचा. घर्रर्र ऐकू येतं का बघ! फक्त वेळ सांभाळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू सकाळी आठला फोन केलास, तर तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. आणि तेही कालचे!